मुकीचं काम

नाटकातला नवरा झालेल्या किशोरची काठी पाठीत बसली आणि सेजल रंगमंचावर गुडघ्यांवर आली. मांडवात शिट्ट्या वाजल्या. मुकं पात्र आलं की हसायचं, ही वाडीची सवय.

पोलादपूरच्या वरच्या अंगाची ही डोंगरातली वाडी. मुंबईकरांना संध्याकाळची एसटी धरायची, म्हणून पूजेचं नाटक यंदा भरदुपारी लावलं होतं. दहा वर्षं मुक्याचं सोंग सेजलचा नवरा मंगेश करायचा. बायकोच्याच खुणा उचलायचा, लोक पोट धरून हसायचे. यंदा नाटक निशिगंधाने लिहिलं. वाडीचीच लेक, महाडला शिक्षिका. मुकीचं काम मुकीच करील, नाहीतर वही परत द्या, असं तिने मंडळाला ठणकावलं.

"खरी घरात हाय, तर खोटी कशाला?" मंगेश हसला होता. आत्ता तो पहिल्या रांगेत होता. मागे शेजारीण रंगूबाई.

मंगेश गाण्यांचा शौकीन. दिवेलागण झाली की त्याचा स्पीकर सुरू. त्या तालावर रंगूबाईच्या भाकऱ्या थापल्या जायच्या. बायको जन्माची बहिरी, पण घर कसं गातं, असं बायका पाणवठ्यावर म्हणायच्या.

सेजलच्या पोटऱ्यांवर वळ असायचे, नांगराच्या तासासारखे. एकदा ती गावकीच्या बैठकीत जाऊन उभी राहिली आणि हातांनी भराभरा काही सांगू लागली. तिच्या खुणा नीट कळणारा वाडीत एकच माणूस. तोच मंगेश म्हणाला, गुरांमागे धावताना पडली म्हणते. पंचांनी हळद लावायला सांगितली.

निशिगंधाच्या वहीत काठी तीनदा पडायची. मग नवरा रडायचा, बायकोचे पाय धरायचा आणि पडदा पडायचा.

दुसरी काठी खांद्यावर आली. तिसरी सेजलने हवेतच धरली. किशोर गोंधळून विंगेकडे बघू लागला. सेजलने त्याचं मनगट पकडलं, काठी खाली वळवली आणि सगळ्या ताकदीने स्वतःच्याच पोटरीवर हाणली.

तिच्या तोंडून आवाज फुटला. दाव्याचा फास बसलेल्या वासरासारखा, लांब, फाटका. शिट्ट्या थांबल्या. मुकीला किंकाळी असते, हे वाडीला ठाऊक नव्हतं.

सेजलने मान हलवली. असं नाही. ती रंगवलेल्या दाराशी गेली, नसलेली कडी लावली. मग विंगेत नाटकाची गाणी लावणाऱ्या मुरारीच्या स्पीकरपाशी गेली. गाणं लावायची खूण केली आणि बटण शेवटपर्यंत फिरवलं. मांडवाचे बांबू थरथरले.

ती परत आली. किशोरचं मनगट धरून तिने काठी पुन्हा त्याच जागी हाणली, पोटरीवर रक्त आलं. तोंड उघडलं, गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या. ऐकू फक्त गाणं आलं.



"बंद कर रे ते," मंगेश उठून ओरडला. मुरारीचा हात पुढे झाला. निशिगंधाने तो धरून ठेवला. नवरा पाय धरतो ते पान तिने वहीतून फाडलं आणि चुरगळून टाकलं.

मंगेश मंचावर चढला. सगळ्यांदेखत त्याने सेजलचे केस मुठीत धरले आणि मान मागे खेचली. सेजल दचकली नाही. तिला पुढचं सगळं पाठ होतं. तिने फक्त मांडवाकडे बोट केलं, बघा म्हणून.

यावेळी खुणांचा अर्थ सांगायला कुणाची गरज लागली नाही. किशोरने मंगेशला मागून कव घातली. पंच चपला टाकून मंचावर धावले. चौघांनी मिळून ती मूठ सोडवली, तेव्हा मुठीत केस होते.

गाणं थांबलं. रंगूबाई मंचाच्या कडेशी येऊन उभी राहिली.

"रोज चुलीपासनं मीच सांगायची त्याला," ती म्हणाली, "जरा मोठ्यानं लाव रे मंगेश."