सतरा नंबरचं मशीन

थोरली नवऱ्याला सोडून माहेरी आली, त्या वर्षीची गोष्ट. चाळीस वर्षं गाड्यांना रंग मारून वडिलांची छाती त्याच वर्षी पार निकामी झाली. दवाखान्याने सांगितलं, आता घरी न्या आणि ऑक्सिजनचं मशीन लावा. सांगायला काय जातं! मशीन मिळेपर्यंत घरी भाड्याच्या सिलिंडरवर भागवणं चाललं होतं.

धाकटी बसवर कंडक्टर होती. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात, गणवेशातच, ती सलग चौथ्या दिवशी त्या संस्थेच्या कचेरीत येऊन उभी राहिली. संस्था गरजूंना अशी मशिनं फुकट वापरायला देई आणि गरज संपली की परत घेई. एक खोली, एक टेबल, एक संगणक. टेबलामागे मॅडम. आणि मॅडमच्या मागे, भिंतीला टेकवलेलं, चाकांवरचं एक मशीन. त्याच्या पाठीवर ठळक आकडा, सतरा.

“आज तरी?” धाकटीने विचारलं.

मॅडमनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. शहराचा नकाशा होता आणि त्यावर हिरवे ठिपके. एक ठिपका म्हणजे एक मशीन. सतरा नंबरचा ठिपका नदीपलीकडच्या एका घरावर होता.

“ते गृहस्थ वारले, ताई. मुलाने मशीन आणून टाकलं, त्याला तीन आठवडे झाले. पण परत आल्याची नोंद करायची, तर ज्यांना दिलं त्यांच्या मोबाइलवर आकडे जातात. ते त्यांनी मला सांगायचे.”

“मेलेल्या माणसाने?”

“हो.”

“मग मुलाने सांगावेत.”

“मुलाने ते सिम बंद केलं.”

धाकटीने कपाळावर हात मारला. “अहो मॅडम, उतारू उतरला की माझी सीट रिकामी होते. त्याने ‘उतरलो’ म्हणून सांगायची वाट बघत बसले, तर गाडी डेपोतून हलायची नाही.”

“मला कळत नाही का? चारदा लिहिलं मुख्य कचेरीला. लाभार्थ्याची संमती जोडा म्हणतात.” मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. “आणि हा नकाशा उगाच नाही केलेला. पूर्वी इथली पाच मशिनं बाजारात विकली गेली. देणगीदारांनी विचारलं, कुठे आहेत, तर कुणाला सांगता येईना. आता जगात कुणीही, कुठूनही उघडून बघू शकतो.”

“जग बघतंय हो. मी हात लांब केला तर हाताला लागेल, त्याचं काय?”

नकाशाच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘चूक आढळल्यास कळवा’. धाकटीने मोबाइल काढला, मशीनचा फोटो घेतला आणि अंगठ्याने एकेक अक्षर शोधत लिहिलं, ‘हे माझ्या समोर आहे.’ पाठवलं. उत्तर तत्काळ आलं. ‘आपल्या जागरूकतेबद्दल आभार. लाभार्थ्याशी संपर्क साधून पंधरा दिवसांत शहानिशा करू.’

“लाभार्थ्याशी!” धाकटी म्हणाली. “साधा म्हणावं. लागला फोन, तर तिकडे माझ्या आईलाही निरोप द्या.”

मॅडमना हसू आलं आणि त्याची लाजही वाटली. तेवढ्यात धाकटीचा फोन वाजला. थोरली होती. तिचा आवाज टेबलापलीकडेही ऐकू येत होता. “सिलिंडरचा काटा लाल पट्ट्यात आलाय गं. बाबा सारखे विचारतायत, धाकटी कुठवर आली.”

“निघालेच,” धाकटी म्हणाली आणि फोन ठेवून तशीच उभी राहिली.

मॅडमनी संगणकाचा पडदा परत आपल्याकडे वळवला. मग उठल्या. दाराची दोन्ही कवाडं उघडली, एकाला वीट लावली.

“सतरा नंबर इथे नाहीच,” त्या म्हणाल्या. “नकाशात बघा. जे इथे नाहीच, ते कुणी नेलं तर मी अडवणार कशी?”

धाकटी मशीनपाशी गेली आणि थांबली. “आणि तुमची नोकरी?”

“ती नकाशात नाही. उचला आता. नळी नवी घाला, बाटलीतलं पाणी रोज बदला.”

पायरीवरून मशीन उतरवताना दोघींनी हात लावला. बसपाशी ड्रायव्हर ओरडला, “हा कोण नवा उतारू?”

“तीन आठवडे उशीर झालाय त्याला. तू गाडी काढ.”

वडील अकरा दिवसांनी, मंगळवारी सकाळी, अर्धा कप चहा घेऊन गेले. मशीन त्यानंतरही तासभर चालूच होतं. बंद करायला दोघी बहिणींपैकी कुणाचाच हात धजेना.