पहिल्या संसारातला संगणक

"दुनियेचे कॉम्प्युटर बरे करता आणि माझा मेला कोपऱ्यात धूळ खातोय! शिवणाचे नमुने आहेत हो त्यात माझे," असे पत्नीने पुन्हा एकदा ऐकवले, तेव्हा संगणक दुरुस्त करणाऱ्या त्या गृहस्थाने कंबर कसली.

तो संगणक तिच्या पहिल्या संसारातला होता. पहिले पती निवर्तल्यानंतर तिने या गृहस्थाशी विवाह केला होता. बंद पडलेले यंत्र बाहेरूनच जागे करता यावे, म्हणून त्याने एका पेनड्राइव्हवर स्वहस्ते छोटीशी प्रणाली रचली आणि डिस्कच्या तळाशी गडप झालेले सारे उपसून काढणारे साधनही तीत घातले.

यंत्र जागे झाले. नमुने सापडले, परंतु त्यांच्या पाठोपाठ पडद्यावर पहिल्या पतीची शेकडो छायाचित्रे अवतरली. कुठे गालाला साबण फासून, कुठे तिच्या खांद्यावर मान टाकून तो दिवंगत मनुष्य हसत होता. दुरुस्तीवाल्याच्या अंतःकरणात मत्सराचा वणवा पेटला.

"या, बघा आपला खजिना!" तो कडाडला. "इतकी वर्षं जपून ठेवलात की! आणि मला म्हणे शिवणाचे नमुने हवेत!"

पत्नी हात पुसत आली आणि पडद्यासमोर थिजली.

 

"अहो, हे सगळे फोटो तर मी आपल्या लग्नाच्या आदल्या दिवशी स्वतःच्या हातानं डिलीट केले होते," असे पुटपुटत ती खुर्ची ओढून बसली आणि पहिल्या छायाचित्रापासून एकेक पाहू लागली.