'सजेस्ट'वाले सर

बावीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवतोय मी. मागे एकदा बायकोलाही शिकवायला बसलो होतो. तिनं तिसऱ्यांदा चुकून 'सजेस्ट टू गो' लिहिलं, तशी मी तिची वही मिटली आणि म्हणालो, "जाऊ दे, तुझ्या डोक्यात नाही शिरायचं हे."

काल ओट्यावर तीच वही उघडी दिसली. पानभर 'सजेस्ट'ची वाक्यं. 'सजेस्ट गोइंग' बरोबर, 'दॅट' लावून केलेलं वाक्य बरोबर, दोन्हींचे अर्थही वेगवेगळे लिहिलेले. शोधून चूक सापडेना.

"कोण शिकवतं गं?"

"आहेत एक सर." ती भांडी विसळत होती. "काय गोड समजावतात! दहादा सांगायला लावलं तरी आवाज चढत नाही."

मला बावीस वर्षांत कुणी 'गोड' म्हटलेलं नाही. बायकोनं तर नाहीच.

"भेटता कुठे?"

"घरातच. तुम्ही शाळेत गेलात की."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "दाखव बघू एकदा, कोण लागून गेलाय तो!"

तिनं शांतपणे हात पुसले आणि फोन माझ्यापुढे धरला. गैरहजर मुलांसाठी शाळेनं माझे तास रेकॉर्ड करून ठेवलेत, त्यातलाच एक. फळ्यापुढे मीच उभा होतो, हसतमुख.



"हे सर वही मिटत नाहीत," ती म्हणाली आणि पुन्हा भांड्यांकडे वळली.