फाटकातला ट्रक

"फिरव किल्ली," बॉनेटखाली वाकलेला बाप म्हणाला.

मुलीने फिरवली. कट्. समोरचे दिवे विझले. किल्ली सोडली तसे परत लागले.

"बाबा, बास आता. नवी बॅटरी घालूनही हीच रड."

"काका, गाडी संपलीय," फाटकात टो ट्रक आडवा लावून उभं असलेलं गिऱ्हाईक म्हणालं. "मी नेतोय ती सुट्या भागांसाठी. कशाला घाम गाळता?"

"दम धरा जरा. अजून माझ्या दारात आहे ती."

बापाचा जन्म घरांच्या वायरिंगमध्ये गेला होता. गाडी बायकोची. ती गेल्यापासून गाडी जागची हलली नव्हती.

त्याने मीटर बॅटरीच्या दोन्ही खुंट्यांना लावला. काटा झकास चढला. मग मीटरची एक तार खुंटीवर टेकवली, दुसरी त्याच खुंटीला आवळलेल्या पट्टीवर.

"फिरव."

कट्. इथे काटा जागेवर राहायला हवा होता. तो उडाला.

"बॅटरी ठणठणीत आहे. वीज या जोडात अडतेय."

त्याने नट सैल करून पट्टी उपसली. आतून हिरवट-पांढरी भुकटी सांडली. तिच्यात पत्र्याची एक घडी रुतून बसली होती. पट्टी ढिली पडते म्हणून कुणीतरी कोंबलेली. नवी बॅटरी बसवणाऱ्यानेही ती तशीच आवळली होती.

"हा उद्योग कुणाचा?" मुलीने खाली उतरून विचारलं.

"तुझ्या आईचा. घरात वायरमन असून विचारेल ती कसली!"

मुलगी हसली. मग तिने तोंड फिरवलं.

त्याने खुंटी आणि पट्टी पॉलिश पेपरने चकचकीत घासली, पट्टी दाबून बसवली, नट आवळला. मुलीने किल्ली फिरवली. गाडी खोकली, थरथरली आणि चालू झाली.

"वा काका! चला, भाव वाढवून देतो."

"विकायची नाही."

"अहो बाबा, चालवणार कोण? मी उद्या सासरी जाणार. तुम्हाला येतं कुठे?"

"शिकेन. सरक."

तो बसला. सीट बायकोच्या उंचीला पुढे ओढलेली, त्याचे गुडघे स्टिअरिंगला भिडले.

"सीट मागे घ्या ना."

"राहू दे तिथेच."

गिअर कुठे असतो हेही त्याला धड ठाऊक नव्हतं. हॉर्न ठाऊक होता. त्याने त्यावर पंजा दाबला आणि ट्रक फाटकातून हलेपर्यंत उचलला नाही.