लोकरीची खात्री

एसटीडी बूथवरच्या पहिल्या पगारातून मी लोकर आणली आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा विणत विणत बाबांसाठी स्वेटर पूर्ण केला. बाबांनी तो उलटसुलट करून पाहिला, बाहीच्या टोकाचा धागा ओढून तोडला आणि काडेपेटी मागितली. सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या कापडमिलवाल्यांची ही खोडच, सूत दिसलं की जाळून बघायचं. “माझ्यावरही भरवसा नाही?” मी चिडले. बाबांनी काडी ओढलीच. पॉलिस्टर असतं तर वितळून कडक मणी झाला असता. इथे केस जळल्यासारखा वास आला आणि राखेचा बोटांत भुगा झाला. “लोकर शे!” आनंदानं ते अहिराणीवर आले. जन्मभर पॉलिस्टर रंगवलेला माणूस तो. सुरतेच्या थंडीत स्वेटर लागतो कुणाला? तरी तो घालूनच ते वाफेनं भरलेल्या रंगखात्यात कामाला गेले. संध्याकाळी परतले ते घामानं निथळत, आणि उजवी बाही कोपरापर्यंत उसवलेली. “हे काय झालं?” मी किंचाळले. “पोरीनं लोकरीचा विणला म्हटलं, तर खात्यातल्या हेमराजला पटेना. चहाच्या टपरीवर त्यानं धागा तोडून जाळला. मग एकेकानं जाळून बघितला. सगळ्यांना पटलं!” बाबांची मान ताठ होती. मी रागारागानं सुया काढल्या आणि बाही पुन्हा विणायला घेतली. बाबा जवळ येऊन बसले. “बाही जरा जास्त लांब विण,” ते म्हणाले. “रातपाळीवाल्यांनी अजून पाहिला नाही.”