तेल जातं कुठं?

महिन्याभरात तीच गाडी चौथ्यांदा दारात आलेली बघून मिस्त्रीनं कपाळावर हात मारला.

"स्टिअरिंग पुन्हा जड झालं," गाडीतून उतरत काका म्हणाले. अगदी शांतपणे, हवापाण्याबद्दल बोलावं तसं.

डोकं फिरायची वेळ आली होती ती मिस्त्रीची. पंचवीस वर्षं पाना हातात धरलेला माणूस तो, आणि घरच्या वापरातली एक साधी गाडी त्याला पाणी पाजत होती.

पहिल्या खेपेला त्यानं चाकांतली हवा पाहिली, इंजिनचा पट्टा दाबून पाहिला, मग स्टिअरिंगच्या तेलाची डबी उघडली. तेल पार तळाला. ते भरलं, इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा वेळा फिरवलं, तशी आत अडकलेली हवा निघून गेली आणि स्टिअरिंग एका बोटानं फिरू लागलं. काकांची त्यानं थोडी चेष्टाही केली. तीस वर्षं बस चालवलीत, त्या काळी कुठलं आलंय पॉवर स्टिअरिंग, आणि आता एवढ्याशा गाडीला दमलात? काका हसले नाहीत. हे दुरुस्त होण्यापलीकडचं असेल तर तसं सरळ सांगून टाका, मी वाईट वाटून घेणार नाही, एवढंच म्हणाले.

दुरुस्त होण्यापलीकडचं! मिस्त्रीला ते चांगलंच झोंबलं.

आठ दिवसांत तेल पुन्हा तळाला. त्यानं दोन्ही नळ्या बदलल्या, पंप उतरवून पाहिला. तिसऱ्या खेपेला गाडी तीन दिवस ठेवून घेतली आणि खाली कोरा पुठ्ठा अंथरला. पुठ्ठ्यावर एक थेंब पडेल तर शपथ. आता तेल काही उन्हानं वाळत नाही, की त्याला पाय फुटत नाहीत. शेवटी मिस्त्रीनं आपल्या उस्तादाची जुनी युक्ती काढली. डबी भरली, झाकण घट्ट लावलं आणि झाकणापासून डबीपर्यंत पिवळ्या रंगाची एक बारीक उभी रेघ ओढली. झाकण कुणी फिरवलं तर रेघ पुन्हा जुळायची नाही. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही.

आज त्यानं बॉनेट उघडलं. रेघ बोटभर सरकली होती आणि तेल तळाला होतं.

म्हणजे तेल गळत नव्हतं, कुणीतरी उपसत होतं. कोण, हे मिस्त्रीला लगेच उमगलं आणि त्याला मनापासून वाईट वाटलं.

काकांची लेक. काकू गेल्यापासून काका तिच्याकडेच राहत. सात वर्षांच्या नातीला रोज सकाळी शाळेत सोडायचं काम त्यांचं. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी गाडी फाटकाच्या खांबाला घासली, नात मागच्या सीटवर होती. बाबा, आता गाडी बंद, असं लेक म्हणाली मात्र, काका भडकले. तीस वर्षांत एक ओरखडा नाही! गाडी चालतेय तोवर मीच चालवणार, ज्या दिवशी ती वळेनाशी होईल त्या दिवशी स्वतः किल्ली हातात देईन, असं त्यांनी बजावलं. पुढे दोन दिवस बापलेकीत अबोला.

हे सगळं लेकीनंच मिस्त्रीला सांगितलं होतं, मागच्या खेपेला एकटी येऊन. स्टिअरिंग जडच राहू द्या, दुरुस्त होत नाही म्हणून सांगा, अशी ती विनवत होती. मिस्त्रीनं साफ नकार दिला. खोटं बोलून पोट भरायचं असतं तर दुसरं दुकान टाकलं असतं, असंही वर ऐकवलं.

आता काकांच्या हातात चहाचा कप देऊन, त्यांना बाकावर बसवून, तो मागच्या खोलीत गेला आणि त्यानं लेकीला फोन लावला. रेघेची गोष्ट सांगितली आणि तिला चांगलंच फैलावर घेतलं. ऐन वळणावर स्टिअरिंग फिरलं नाही आणि पोर मागे बसलेली असली तर काय करशील, असं विचारलं. झाकण नक्की कुणीतरी उघडलं होतं का, असं तिनं दोनदा विचारलं.

"तेल मीच काढते," ती शेवटी म्हणाली. "बाबांना यातलं काही बोलू नका, दादा. तुम्हाला माझी शपथ आहे."

मिस्त्री असल्या शपथेबिपथेला बधणारा नव्हता. प्रश्न लहान पोरीच्या जिवाचा होता. बाहेर येऊन त्यानं काकांसमोर स्टूल ओढलं.

"काका, तुमच्या गाडीला काहीही झालेलं नाही. तुमची लेक तेल काढून टाकते."

काका त्याच्याकडे बघत राहिले. "कोण म्हणतं?"

"तीच. आत्ता फोनवर कबूल केलं तिनं."

काकांनी कप बाकावर ठेवायला हात खाली नेला. कप काठावरच टेकला. तो पडायच्या आत मिस्त्रीनं धरला. म्हाताऱ्या माणसाचं मन आपण उगाच मोडलं, असं वाटून तो गडबडला आणि समजूत घालू लागला. पोरगी काळजीपोटी करते, तिच्यावर रागावू नका. मी आत्ता तेल भरून देतो, झाकणाला पक्कं कुलूप लावतो, मग बिनघोर चालवा आणखी दहा वर्षं.

काकांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

"तिला बॉनेट कसं उघडतात हेसुद्धा माहीत नाही, मिस्त्री," ते म्हणाले, आणि खिशातून एक जाडजूड सिरिंज काढून त्यांनी ती गाडीच्या किल्लीसकट त्याच्या हातात दिली.