कोर्ट उठेना

न्यायाधीशबाईंनी टेबलावर दोन्ही हात रोवले, उठायला गेल्या आणि तशाच खाली बसल्या. ओटीपोटाखालच्या हाडात अशी कळ आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. त्यांना उठताना पाहून अख्खं कोर्ट उभं राहिलं होतं. ते बिचारं पुन्हा बसलं.

"वकीलसाहेब," बाई जमेल तितक्या शांतपणे म्हणाल्या, "तुमचं काही राहिलं असेल तर बोलून घ्या."

वकिलांचा आपल्या कानांवर विश्वास बसेना. उभ्या आयुष्यात प्रत्येक न्यायाधीशाने त्यांना 'आवरतं घ्या' एवढंच सांगितलं होतं. त्यांनी कोट सारखा केला आणि घराच्या पायाभरणीपासून सुरुवात केली.

दावा दोन म्हाताऱ्या जावांचा होता. घर एकच. खाली थोरली, वर धाकटी, आणि मधला जिना कोणाचा यावरून दोघींत विस्तव जात नव्हता. साऱ्या साक्षी बाईंनी स्वतः ऐकल्या होत्या. बाळंतपणाच्या रजेवर जाण्याआधी याचा निकाल लावायचाच, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. नाहीतर दावा दुसऱ्या कोर्टाकडे जाणार, तिथे सगळं नव्याने सुरू होणार आणि या वयात दोघी पुन्हा पहिल्या पायरीवर येणार.

आणि दावा काढून घ्यायला वरिष्ठ न्यायाधीश टपून बसले होते. माणूस प्रेमळ, तीच तर पंचाईत. "तुम्ही नुसतं दुखतंय म्हणा, तुमची सगळी कामं मी दुसरीकडे देतो," असं ते रोज सकाळी सांगत आणि बाई रोज "मला काय धाड भरलीय," म्हणत कठड्याला धरून वरच्या मजल्यावर येत. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, बाळ उत्तम आहे, सांधे सैल झालेत, फार वेळ बसून राहू नका. न्यायाधीशाने बसायचं नाही तर करायचं काय, हे मात्र सांगितलं नव्हतं. तशा बाई हाडाच्या न्यायाधीश. आता हाडंच ऐकत नव्हती.

शिपायाला खूण करून त्याचा आधार मागता आला असता. तो मनाचा चांगला होता, पण त्याच्या पोटात काही राहत नसे. बातमी चहाच्या आधी वरिष्ठांकडे पोचली असती.

तेव्हा सुनावणी चालू राहिली. पहिल्या वकिलांनी एवढं बोलून घेतल्यावर दुसरे मागे राहतात थोडेच. त्यांनीही चऱ्हाट लावलं. जेवणाची वेळ टळून गेली. बाई उठल्याशिवाय कोणाला हलायची सोय नव्हती. मागच्या बाकावर कोणाचं तरी पोट मोठ्याने गुरगुरलं. बाई ओठ आवळून बसल्या बसल्या या अंगावरून त्या अंगावर भार टाकत होत्या, मध्येच डोळे मिटत होत्या. आपलं म्हणणं त्या किती मन लावून ऐकताहेत हे पाहून वकिलांना आणखी चेव चढत होता. मध्ये एकदा बाईंनी पुन्हा उठून पाहिलं. कोर्ट उठलं, कोर्ट बसलं.

पुढच्या बाकाच्या दोन टोकांना दोघी जावा बसल्या होत्या. मध्ये वकिलांची बॅग. थोरलीने ती उचलून खाली ठेवली आणि जराशी सरकली. धाकटीही सरकली. दोघींत काहीतरी कुजबुज झाली. वकील पाणी प्यायला थांबले तेवढ्यात थोरली उभी राहिली.

"मॅडम, आम्हाला मिटवायचंय. जिना दोघींचा."

"आणि झाडायचा कोणी?" बाईंनी विचारलं. सगळं घोडं तिथेच अडलं होतं.

"आलटून पालटून," धाकटी म्हणाली. "पण लवकर लिहून घ्या."

लिहून झालं. सह्या झाल्या. आपल्या बोलण्याने दगडाला पाझर फुटला, असं दोन्ही वकिलांना वाटलं. बाईंना तर भरून आलं. माणसांना पोटभर बोलू दिलं की ती आपोआप निवळतात, हे आपल्याला आज उमगलं, असं त्यांना वाटत होतं. त्या भरात त्या ताडकन उठायला गेल्या आणि कळवळून बसल्या.

थोरली चालत टेबलापाशी आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "या सगळ्यांना जेवायला पाठव."

कोर्टात आजवर बाईंना कोणी एकेरीत हाक मारली नव्हती. राग यायला हवा होता. आलं ते रडू. त्यांनी मान खाली घालून कागद चाळल्यासारखं केलं आणि सगळ्यांना जायला सांगितलं. शिपाई रेंगाळत होता, त्याला धाकटीने बाहेर काढून दार लावून घेतलं.

मग दोघी दोन बाजूंनी वर, बाईंच्या खुर्चीपाशी आल्या.

"गुडघे जवळ घे," थोरली म्हणाली. "जवळच ठेव. आता माझ्या खांद्यावर भार टाक. लाजू नकोस."

बाई उभ्या राहिल्या. बराच वेळ दोघींना धरून नुसत्याच उभ्या राहिल्या.

"तुम्हाला कधी कळलं?"

"समोरच तर बसलोय. आमची दोघींची पोरं का आभाळातून पडली?" धाकटी म्हणाली.

"म्हणजे ती तडजोड..." बाई म्हणाल्या.

"मग काय करणार," थोरली म्हणाली. "त्या दोघांचं बोलणं संपेपर्यंत तू इथेच बाळंत झाली असतीस."